जुने डॉस आणि विंडोज ९५-९८ चे खेळ आजच्या मशीनवर: वेग, चित्र आणि आवाज जुळवण्याचा धागा

चौसष्टबिट

चाळिशी-पन्नाशीतले बरेच जण प्रिन्स (प्रिन्स ऑफ पर्शिया), डिगर, डेव्ह, एज ऑफ एम्पायर्स पुन्हा शोधून काढतायत. पण पहिल्या संध्याकाळीच "पूर्वीसारखी मजा येत नाही" म्हणून सोडूनही देतायत. बहुतेक वेळा खेळात काही खोट नसते. तो चुकीच्या वेगाने पळत असतो, चित्र आडवं ताणलेलं असतं किंवा संगीत भलत्याच वाद्यांवर वाजत असतं. या तीन गोष्टी जुळवल्याशिवाय जुन्या खेळाबद्दल मत बनवू नये असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा धागा. ज्यांना जे नक्की माहीत आहे ते त्यांनी पायऱ्यांसकट लिहावं.

सुरुवात डॉसपासून, म्हणजे विंडोजच्या आधीच्या, आज्ञा टाइप करून चालवायच्या प्रणालीपासून. ६४ बिट विंडोजमध्ये १६ बिट प्रोग्रॅम चालवणारा थरच नाही, त्यामुळे इएक्सईवर (खेळ सुरू करणाऱ्या फाइलवर) राइट क्लिक करून कम्पॅटिबिलिटी मोड कितीही बदला, डॉसचा खेळ उघडत नाही. त्याला डॉसबॉक्स, म्हणजे आजच्या मशीनमध्ये जुना डॉसचा पीसी उभा करणारा प्रोग्रॅम, लागतो. मूळ डॉसबॉक्स २००२ पासून आहे आणि त्याची ०.७४-३ ही आवृत्ती २०१९ ची. नव्याने बसवणार असाल तर डॉसबॉक्स स्टेजिंग घ्या. तो त्याच मुळापासून निघालेला आहे, पण चित्र आणि आवाजाची सेटिंग्ज आधीच शहाणपणाने लावलेली मिळतात.

१. सी ड्राइव्हवर सरळ एक फोल्डर करा, नाव इंग्रजी अक्षरांत आणि आठ अक्षरांच्या आत. डॉसला आठ अक्षरांपलीकडचं नाव कळत नाही, ते कापून शेवटी लहरी चिन्ह आणि १ लावलेलं दिसतं.
२. प्रत्येक खेळाला आत वेगळं फोल्डर द्या.
३. डॉसबॉक्स उघडून 'माउंट सी सी:\डॉसगेम' ही आज्ञा द्या (इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप इंग्रजी अक्षरांतच करायची). मग 'सी:' आणि एंटर, 'सीडी' आणि फोल्डरचं नाव, शेवटी इएक्सईचं नाव.
४. हे रोज टाइप करायचं नसेल तर याच ओळी कॉन्फिग फाइलच्या अगदी तळाशी ऑटोएक्झेक विभागात लिहून ठेवा.

अख्खा सी ड्राइव्ह माउंट करू नका. जुन्या खेळाचा इन्स्टॉलर कुठे काय लिहील याचा नेम नसतो.

दाराआडची खिडकी

विंडोज ११, १५.६ इंची लॅपटॉप, डॉसबॉक्स ०.७४-३. प्रिन्स एवढ्याशा चौकोनात दिसतो. आल्ट-एंटर केलं तरी मधेच छोटा चौकोन आणि भोवती काळं. शिवाय माउस एकदा आत गेला की बाहेर येत नाही.

चौसष्टबिट

माउस सोडवायला कंट्रोल-एफ१०. लॅपटॉपवर वरच्या रांगेतल्या कळा आवाज आणि उजेडासाठी राखलेल्या असतील तर सोबत एफएन पण दाबा.

छोटं चित्र: ०.७४-३ मध्ये 'आउटपुट' ची मूळ किंमत 'सरफेस' असते. तीत चित्र पडद्याएवढं मोठं होत नाही. स्टार्ट मेनूतून डॉसबॉक्स ऑप्शन्स उघडा आणि आउटपुट = ओपनजीएल, फुलरेझोल्यूशन = डेस्कटॉप करा. खाली रेंडर विभागात आस्पेक्ट = ट्रू कराच. ही तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे आणि तीच लोक विसरतात.

उभा_पिक्सेल

त्या तिसऱ्या ओळीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळा घोळ तिथेच होतो.

डॉसच्या बहुसंख्य खेळांचं चित्र ३२० × २०० ठिपक्यांचं. भागाकार केला तर गुणोत्तर १६:१० येतं, आणि म्हणून आजच्या रुंद पडद्यावर ते तसंच बसवावं असं वाटतं. पण त्या काळचा मॉनिटर ४:३ होता आणि हेच ३२० × २०० त्या ४:३ काचेवर काठोकाठ पसरायचं. म्हणजे प्रत्येक ठिपका चौरस नव्हता, रुंदीच्या १.२ पट उंच होता. चित्रकारांनी तोच उभट ठिपका डोळ्यांसमोर ठेवून चित्रं काढली. चौरस ठिपक्यांवर दाखवलं की राजपुत्र बुटका होतो, वर्तुळं अंड्यासारखी आडवी होतात. खेळात एखादं चाक किंवा चंद्र असेल तर त्यावर फूटपट्टी धरून बघा, लगेच कळेल.

१०८० ओळींच्या पडद्यावर बरोबर आकार १४४० × १०८०. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहणारच, ते राहू द्यावेत. १४४० ओळींचा मॉनिटर असेल तर मात्र फार छान सोय आहे: १६०० × १२०० वर ठेवा. ३२० च्या बरोबर ५ पट आणि २०० च्या बरोबर ६ पट, एकही ठिपका अर्धवट कापला जात नाही. १०८० वर २०० ची पूर्ण पट बसत नाही, त्यामुळे काही रांगा जाड आणि काही बारीक दिसतात. जमीन सरकायला लागली की ते डोळ्यांना टोचतं. तिथे थोडं मऊ करणारं शेडर (पडद्यावर जाण्याआधी चित्रावर प्रक्रिया करणारा छोटा प्रोग्रॅम) चांगलं.

निळाभोर

शेडर म्हणजे त्या जुन्या टीव्हीसारख्या काळ्या आडव्या रेघा ना? त्या लावल्या तरच खरं वाटतं.

उभा_पिक्सेल

खेळ कुठल्या कार्डासाठी आहे त्यावर ठरतं. १९८० च्या दशकातले, सीजीए-ईजीए या जुन्या ग्राफिक्स कार्डांसाठीचे खेळ २०० ओळींच्या मॉनिटरवर दिसायचे, तिथे ओळींमधली फट खरोखर दिसे. नंतरच्या व्हीजीए कार्डाने मात्र २०० ओळींचं चित्र प्रत्येक ओळ दोनदा काढून ४०० ओळींवर दाखवलं. त्यामुळे व्हीजीए मॉनिटरवर प्रिन्स किंवा डूम पाहताना मधे काळ्या रेघा नव्हत्याच. डूमवर जाड रेघा लावणं म्हणजे त्याला टीव्हीवर नेऊन बसवणं. स्टेजिंगमधलं स्वयंचलित सीआरटी शेडर (जुन्या काचेच्या मॉनिटरची नक्कल करणारं) खेळाचा मोड बघून हा फरक स्वतः करतं, त्याला हात न लावलेलाच बरा.

आणखी एक. व्हीजीएचा ३२० × २०० मोड सेकंदाला ७० वेळा चित्र काढायचा. आपले पडदे ६० हर्ट्झ. म्हणून सरकती जमीन अधूनमधून अडखळते. व्हेरिएबल रिफ्रेश असलेला (खेळाप्रमाणे स्वतःचा हर्ट्झ बदलणारा) मॉनिटर असेल तर त्याचा खरा उपयोग इथे होतो.

टिकटिक

आता वेग. डिगर (१९८३) सारखे खेळ ४.७७ मेगाहर्ट्झच्या पीसीसाठी लिहिलेले. त्यांतल्या अनेकांनी घड्याळ बघितलंच नाही. एक फेरी संपली की लगेच दुसरी, प्रोसेसर जेवढा धावेल तेवढा खेळ धावणार. ॲली कॅटसारखे त्याच काळातले काही खेळ मात्र टायमर बघून चालतात, म्हणून ते जलद मशीनवरही ठीक राहतात. त्यामुळे "जुना खेळ म्हणजे वेग कमी करा" असा सरसकट नियम नाही. खेळ बघून ठरवा.

डॉसबॉक्समध्ये वेग 'सायकल्स'मध्ये मोजतात. ढोबळ आकडे:

८०८८, ४.७७ मेगाहर्ट्झ: ३००
२८६, १२ मेगाहर्ट्झ: १५००
३८६ एसएक्स, २० मेगाहर्ट्झ: ३०००
३८६ डीएक्स, ३३ मेगाहर्ट्झ: ६०००
४८६ डीएक्स२, ६६ मेगाहर्ट्झ: २५०००
पेन्टियम ९०: ५००००

खेळाचं साल बघा, त्याच्या एक-दोन वर्षं आधीचं मशीन धरा, तिथून सुरू करा. कंट्रोल-एफ११ ने सायकल्स कमी, कंट्रोल-एफ१२ ने जास्त. आकडा खिडकीच्या माथ्यावर दिसतो. प्रिन्सला ३००० पुरतात. विंग कमांडर (१९९०) हा वेगावर लगाम नसलेल्या खेळांचा नमुना आहे: ३८६ च्या आकड्यांवर सुंदर चालतो, पेन्टियमच्या आकड्यांवर शत्रूचं यान दिसायच्या आत निघून जातं.

'मॅक्स' लावून सोडून देऊ नका. एकतर खेळ बेफाम होतो, शिवाय लॅपटॉपचा पंखा उगाच ओरडत राहतो.

निळाभोर

एक खेळ सुरूच होत नाही. "रनटाइम एरर २००" येतो आणि परत डॉसवर. फाइल खराब आहे का?

टिकटिक

फाइल चांगली आहे. तो खेळ टर्बो पास्कल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला असणार. तिच्यातल्या सीआरटी युनिटमध्ये (तयार कोडचा एक भाग, वरच्या शेडरशी संबंध नाही) सुरुवातीलाच मशीनचा वेग मोजणारं एक लूप असतं. टायमरच्या एका टिकटिकीत, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, लूप किती वेळा फिरलं ते मोजायचं आणि ५५ ने भागायचं. उत्तर १६ बिटांत, म्हणजे ६५५३५ पर्यंतच मावतं. टिकटिकीत ३६ लाखांवर फेऱ्या झाल्या की उत्तर मावत नाही, प्रोसेसर भागाकाराची चूक दाखवतो आणि पास्कल तिला २०० नंबर देतो. शून्याने भागल्यावरही हाच नंबर येतो, म्हणून लोकांची दिशाभूल होते.

उपाय: सायकल्स ५००० ठेवून खेळ सुरू करा. मोजणी फक्त सुरुवातीला होते. मेनू आला की कंट्रोल-एफ१२ ने हवा तेवढा वेग वाढवा.

तसाच दुसरा फसवा संदेश "पॅक्ड फाइल करप्ट". इथेही फाइल बहुधा शाबूत असते. काही दाबून लहान केलेल्या इएक्सई मेमरीच्या पहिल्या ६४ केबीत बसल्या की स्वतःला उलगडताना चुकतात. खेळाच्या नावाआधी 'लोडफिक्स' लिहा, म्हणजे ती पहिली ६४ केबी अडवली जाते आणि खेळ वरच्या जागेत बसतो.

दाराआडची खिडकी

आउटपुट आणि आस्पेक्ट, दोन्ही बदललं. चित्र आता मोठं आणि उभट, खूप फरक पडला. पण प्रिन्समध्ये मधेच विंडोजची पाटी येते आणि खेळ मागे जातो. दर वेळी तलवार किंवा औषध उचलताना.

कळफलक

ती स्टिकी कीजची पाटी. शिफ्ट पाच वेळा दाबली की विंडोज विचारतं, आणि प्रिन्समध्ये उचलणं, कड्याला लटकणं, जपून पाऊल टाकणं, वार करणं सगळं शिफ्टवरच आहे. सेटिंग्ज, मग ॲक्सेसिबिलिटी, मग कीबोर्ड. तिथे स्टिकी कीजचा शॉर्टकट बंद करा. त्याच पानावर फिल्टर कीजचाही शॉर्टकट बंद करा, कारण उजवी शिफ्ट आठ सेकंद धरून ठेवली की ती पाटी येते, आणि लटकताना नेमकं तेच होतं.

कळफलकाचं आणखी थोडं, कारण बोटांची गती आता पूर्वीची राहिलेली नाही असं ज्यांना वाटतं त्यांचा पुष्कळदा कळफलकच आडवा येतो. साध्या, स्वस्त कळफलकांत काही तीन कळा एकदम दाबल्या तर तिसरी पोचतच नाही. धावत जाऊन उडी मारून कडा पकडायला अशाच तीन कळा लागतात. दुसऱ्या कळांवर बदलून बघा: डॉसबॉक्समध्ये कंट्रोल-एफ१ दाबलं की कळांचा नकाशा उघडतो. शिफ्ट दुसऱ्या कळेवर नेता येते, आणि लॅपटॉपवर न्यूमरिक पॅड नसेल तर तिरक्या उडीच्या ७ आणि ९ याही. तिथेच गेमपॅडची बटणंही जोडता येतात. बदल केल्यावर सेव्ह दाबायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळी सगळं जुन्यासारखं.

दाराआडची खिडकी

शॉर्टकट बंद केले, पाटी गेली. आता प्रिन्सचा ६० मिनिटांचा काटा थोडा सैल करता येतो का? दर वेळी पहिल्यापासून सुरू करणं होत नाही.

कळफलक

मूळ डॉस आवृत्तीतच सेव्ह आहे, बऱ्याच जणांना ते माहीत नसतं. तिसऱ्या पातळीपासून पुढे कंट्रोल-जी ने सेव्ह होतं. सुरुवातीच्या पडद्यावर कंट्रोल-एल ने तेच परत उघडतं. पातळी पुन्हा पहिल्यापासून हवी तर कंट्रोल-ए. स्पेस दाबली की उरलेली मिनिटं दिसतात.

त्याहून जास्त सैल हवं असेल तर एसडीएलपॉप बघा. डॉस आवृत्ती उलगडून तिच्यावरून लिहिलेला हा मुक्त प्रोग्रॅम डॉसबॉक्सशिवाय थेट विंडोज आणि लिनक्सवर चालतो. एफ६ ला कुठेही सेव्ह, एफ९ ला तिथूनच पुढे. त्याच्या आयएनआय फाइलमध्ये सुरुवातीची मिनिटं ६० ऐवजी हवी तेवढी लिहिता येतात. हालचाली मूळच्याच आहेत, पाऊल पडायला लागणारा तो क्षणभराचा वेळही तसाच. प्रिन्सचे कर्ते जॉर्डन मेकनर यांनी १९८९ मध्ये ॲपल २ साठी लिहिलेला मूळ सोर्स कोड २०१२ मध्ये त्यांनी स्वतः खुला केला. ज्यांना असेंब्ली वाचता येते त्यांनी तो जरूर वाचावा.

स्वरपेटी

आवाजावर कुणीच आलं नाही अजून.

खेळासोबत सेटअप किंवा इन्स्टॉल नावाची वेगळी इएक्सई असेल तर आधी ती चालवा. डॉसबॉक्सची मूळ मांडणी (खेळाला आवाजाचं कार्ड कसं सापडेल ते सांगणारे आकडे): साउंड ब्लास्टर १६, पत्ता २२०, आयआरक्यू ७, डीएमए १, हाय डीएमए ५. अनेक खेळ आयआरक्यू ५ धरून बसलेले असतात, तिथे ७ करा. आयआरक्यू चुकला तर पहिल्या आवाजाचा तुकडा वाजून गप्प होतं किंवा खेळ गोठतो, यावरून ओळखा.

संगीत ही वेगळी निवड असते आणि तिथे घाई करू नये. तीन पर्याय:

ॲडलिब किंवा साउंड ब्लास्टर: कार्डावरची ओपीएल चिप स्वतः सूर तयार करते. ज्यांनी पूर्वी साउंड ब्लास्टरवर ऐकलं त्यांना हाच आवाज ओळखीचा. काहीही बसवावं लागत नाही.

जनरल मिडी: खेळ फक्त सुरावटीच्या सूचना पाठवतो, वाद्यं बाहेरची. पत्ता ३३०. स्टेजिंगमध्ये फ्लुइडसिंथ आतच आहे, त्याला एक साउंडफॉन्ट फाइल (वाद्यांच्या आवाजांचे नमुने) द्यायची. १९९२-९३ नंतरच्या खेळांना हे लावा. डूमचं संगीत रोलँड एससी-५५ या मिडी यंत्रावर बांधलेलं आहे, त्याच्या जवळचा साउंडफॉन्ट मिळाला तर गिटारचा बाज बरोबर येतो.

रोलँड एमटी-३२ (१९८७): जनरल मिडीच्या आधीचा सिंथेसायझर, वाद्यांचे क्रमांकच वेगळे. एमटी-३२ साठी लिहिलेलं संगीत जनरल मिडीवर वाजवलं तर बासरीच्या जागी भलतंच काही ऐकू येतं. "संगीत विचित्र आहे" या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं. स्टेजिंगमध्ये मुन्ट हा त्याचा एमुलेटर आहे, पण त्याला यंत्रातल्या दोन रॉम फाइली लागतात, त्यांवर रोलँडचा हक्क आहे. १९८८ ते १९९१ मधल्या साहसखेळांसाठी हा खटाटोप करण्यासारखा आहे. मंकी आयलंडची सुरुवातीची धून एकदा ओपीएलवर आणि एकदा मुन्टवर ऐका.

पश्चिमघाट

साहसखेळांचा विषय निघालाच आहे तर स्कमव्हीएम. २००१ पासून चालू आहे. डॉसबॉक्स अख्खा संगणक उभा करतो. स्कमव्हीएम खेळाची इएक्सई बाजूला ठेवून फक्त त्याच्या डेटा फाइली घेतो आणि स्वतःचं इंजिन वापरतो. म्हणून वेगाचा प्रश्नच येत नाही, सेव्ह कुठेही होतं आणि फोनवरही नीट चालतो. त्यांच्या संकेतस्थळावरून बिनीथ अ स्टील स्काय (१९९४), फ्लाइट ऑफ द ॲमेझॉन क्वीन आणि ल्युअर ऑफ द टेम्प्ट्रेस मोफत आणि कायदेशीर मिळतात. डॉसबॉक्सची झटापट नको असलेल्यांनी सुरुवात इथून करावी.

याच जातीचे आणखी: ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्ससाठी ओपनटीटीडी (मोफत चित्रसंच आहे, मूळ सीडी नसली तरी चालतं), डूमसाठी चॉकलेट डूम, डायब्लोसाठी डेव्हिल्यूशनएक्स (मूळ सीडीवरची डायबडॅट.एमपीक्यू ही एक फाइल लागते).

निळाभोर

मग डूमसाठी जीझेडडूमच का नको? रुंद पडदा, माउसने वर-खाली बघणं, सगळं आहे.

उभा_पिक्सेल

चांगला आहे, पण पहिल्यांदा चॉकलेट डूमवर खेळा असं मी आग्रहाने सांगेन. डूमचा खेळ सेकंदाला ३५ टप्प्यांत चालतो आणि पातळ्या वर-खाली न बघता येणाऱ्या डोळ्यांसाठी रचलेल्या आहेत. कोपऱ्याआडून, उंच कठड्यावरून येणारा राक्षस तसाच भेटायला हवा. नंतर जीझेडडूम आहेच.

नव्वदोत्तरी

डॉस बरंचसं मार्गी लागलंय. विंडोज ९५-९८ काळातल्या खेळांवर लिहा ना. मूळ सीडी आहेत, पण सेटअपवर क्लिक केलं की "हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही".

चौसष्टबिट

खेळ ३२ बिट आणि इन्स्टॉलर १६ बिट, असा तो प्रकार. त्या काळच्या पुष्कळ सीडींवर असंच आहे. दोन वाटा: विनव्हीडीएम बसवा, तो ६४ बिट विंडोजवर १६ बिट प्रोग्रॅम चालवून देतो. किंवा सीडीवर खेळाचं फोल्डर उघडंच ठेवलेलं आहे का बघा. असेल तर ते उचलून हार्ड डिस्कवर ठेवा, काही खेळ तेवढ्यावर चालतात.

ठेवताना प्रोग्रॅम फाइल्समध्ये ठेवू नका. जुने खेळ सेव्ह आणि सेटिंग स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहितात आणि विंडोज तिथे लिहू देत नाही. ते गुपचूप ॲपडेटा-लोकलमधल्या व्हर्च्युअलस्टोअरमध्ये वळवतं. मग एकाला सेव्ह दिसतं, दुसऱ्या खात्यातून उघडलं की गायब. विंडोजच्या खात्याचं नाव देवनागरीत असेल तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्ससुद्धा टाळा. त्या मार्गातली देवनागरी अक्षरं जुन्या खेळांना प्रश्नचिन्हं दिसतात आणि "फाइल सापडली नाही" येतं.

सीडी २००० च्या आसपासची किंवा नंतरची असेल आणि खेळ सुरूच होत नसेल तर सीडीवर सेफडिस्क हे कॉपी-संरक्षण आहे का तपासा. त्याचा सेकड्रव्ह.सिस हा ड्रायव्हर सुरक्षेला भोक पाडणारा होता, म्हणून विंडोज १० मध्ये पहिल्या दिवसापासून बंद आहे आणि २०१५ मध्ये एका अपडेटने जुन्या विंडोजवरही बंद केला. तो पुन्हा चालू करायच्या मागे लागू नका. तोच खेळ जीओजीसारख्या दुकानात संरक्षणाशिवाय विकत मिळत असेल तर तो घ्या.

नव्वदोत्तरी

एज ऑफ एम्पायर्स २ चालला. पण गवत जांभळं-लाल दिसतंय.

उभा_पिक्सेल

२५६ रंगांची अडचण. खेळ २५६ रंगांचा एक तक्ता पडद्याला देतो आणि विंडोज स्वतःचे रंग त्यात घुसवतं. सीएनसी-डीड्रॉ उतरवा, त्यातली डीड्रॉ.डीएलएल आणि सोबतच्या फाइली खेळाच्या इएक्सईशेजारी ठेवा. बस. रंग जागेवर येतात, खिडकीतही खेळता येतं. कॉन्करर्स विस्तार असेल तर युजरपॅच १.५ घाला, त्याने रुंद रिझोल्यूशन मिळतात. मूळ खेळ १२८० × १०२४ वर थांबतो. फार मोठं रिझोल्यूशन घेऊ नका, माणसं मुंगीएवढी होतात आणि चाळिशीनंतर त्यांचा भाला की धनुष्य हे ओळखणं अवघड जातं.

मित्रांबरोबर खेळायचं असेल तर विंडोज फीचर्स चालू-बंद करण्याच्या यादीत लेगसी कम्पोनंट्सखाली डायरेक्टप्ले आहे, त्यावर खूण करा.

गियर_चौथा

नीड फॉर स्पीड २ एसई साठी: सीडीवर थ्रीडीएफएक्स कार्डाची इएक्सई वेगळी असते. एनग्लाइड बसवून तीच चालवा. साध्या इएक्सईपेक्षा रस्ता, आकाश, प्रकाश सगळंच वेगळं दिसतं. एनग्लाइड ग्लाइडच्या, म्हणजे त्या थ्रीडीएफएक्स कार्डांच्या, आज्ञा आजच्या ग्राफिक्स कार्डाला समजतील अशा करून देतो. ग्लाइडबरोबर जुन्या डायरेक्टथ्रीडीचीही गरज असेल तर डीजीव्हूडू २ घ्या. खेळ अनेक कोअरवर गोंधळून बंद पडत असेल तर कमांड प्रॉम्प्टवरून 'स्टार्ट /ॲफिनिटी १' आणि पुढे इएक्सईचं नाव.

व्हाइस सिटीत फ्रेम लिमिटर बंद करू नका. तो खेळ ३० फ्रेम धरून लिहिलेला आहे. जुन्या चुका दुरुस्त करणारा सायलेंटपॅच मात्र जरूर घाला.

पश्चिमघाट

सीडीबद्दल एक कळकळीची विनंती. प्रतिमा (सीडीची फाइलरूपातली नक्कल) करताना आयएसओ करू नका, बिन-क्यू (डेटाची बिन आणि ट्रॅकच्या यादीची क्यू, अशा फाइली) करा. क्वेक (१९९६) सारख्या सीडीवर पहिल्या ट्रॅकमध्ये खेळ आणि दुसऱ्यापासून गाण्याच्या सीडीसारखं संगीत असतं. आयएसओत फक्त पहिला ट्रॅक येतो, संगीत कायमचं गळतं आणि ते कळेपर्यंत मूळ सीडी गेलेली असते. डॉसबॉक्समध्ये 'इमजमाउंट डी', मग अवतरणात क्यू फाइलचं नाव, शेवटी 'उणे टी आयएसओ'. ओरखडे पडलेल्या सीडीचा डेटा ट्रॅक लिनक्सवर डीडीरेस्क्यूने पुन्हा पुन्हा वाचून काढता येतो, ठोकळ्याचा आकार २०४८ द्या.

नव्वदोत्तरी

फ्लॉपी? साडेतीन इंची आणि काही सव्वापाच इंची आहेत. काहींवर पांढरट डाग.

पश्चिमघाट

डाग म्हणजे बुरशी. कोकणपट्टीच्या दमट हवेत हे व्हायचंच. तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका: डोकं बुरशी खरवडतं, चुंबकीय थर निघतो आणि पुढची चांगली फ्लॉपीही खराब होते. साडेतीन इंचीचं पत्र्याचं झाकण सरकवून, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने चकती हळूहळू फिरवत दोन्ही बाजू पुसा. पूर्ण वाळू द्या. सव्वापाच इंचीची चकती वेष्टणाची एक कड कापून बाहेर काढावी लागते. प्रत्येक फ्लॉपीनंतर ड्राइव्हचं डोकंही पुसा.

यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह फक्त साडेतीन इंची वाचतो. सव्वापाचसाठी जुना ३४ पिनांचा ड्राइव्ह आणि ग्रीसवीझल हा छोटा बोर्ड लागतो. ड्राइव्हला ५ आणि १२ व्होल्ट, दोन्ही द्यावे लागतात. तो बोर्ड चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतो, त्यामुळे कॉपी-संरक्षण असलेल्या फ्लॉपीही उतरतात. ३६० केबीची फ्लॉपी १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये वाचायला हरकत नाही, पण तिच्यावर लिहू नका. त्या ड्राइव्हचं डोकं अरुंद, नव्या पट्ट्याच्या कडेला जुना उरतो आणि मग ३६० च्या ड्राइव्हला दोन्ही एकदम ऐकू येतात.

निळाभोर

एवढं करण्यापेक्षा इंटरनेट आर्काइव्हवर ब्राउझरमध्येच खेळता येतात की.

टिकटिक

चाखून बघायला उत्तम. २०१५ च्या जानेवारीपासून तिथे डॉसच्या खेळांचा मोठा साठा आहे. पण टॅब बंद केला की सेव्ह राहील याचा भरवसा धरू नका, आणि खेळातली कंट्रोल-डब्ल्यू ही ब्राउझरची टॅब बंद करायची कळ आहे.

चौसष्टबिट

कायद्याचं एकदाच लिहून ठेवतो. "ॲबन्डनवेअर" (विक्री थांबल्याने बेवारस समजला जाणारा प्रोग्रॅम) हा शब्द कायद्यात नाही. विक्री थांबली म्हणून हक्क संपत नाही. मात्र आपल्याकडे कायदेशीर मिळालेला प्रोग्रॅम असेल तर तो हरवू किंवा बिघडू नये म्हणून प्रत करून ठेवायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये परवानगी आहे. म्हणजे आपल्या सीडी-फ्लॉपींच्या प्रतिमा करा, मूळ माध्यम जपून ठेवा. अनोळखी संकेतस्थळांवरच्या इएक्सईंपासून लांब राहा. ऑनलाइन बँकिंग असलेल्या लॅपटॉपवर तर नकोच.

नव्वदोत्तरी

एक खेळ असा आहे की वरचं काहीच लागू पडत नाही. डीड्रॉ, डीजीव्हूडू सगळं करून झालं. विंडोज ९८ च लागेल असं दिसतंय.

चौसष्टबिट

मग ८६बॉक्स. तो मदरबोर्डपासून अख्खं मशीन उभं करतो, म्हणून रॉमचा संच वेगळा लागतो आणि तुमच्या प्रोसेसरचा एका कोअरचा वेग महत्त्वाचा. पेन्टियम एमएमएक्स १६६, ६४ एमबी मेमरी, एस३ चं ग्राफिक्स, साउंड ब्लास्टर १६, थ्रीडी हवं तर व्हूडू (थ्रीडीएफएक्सचं कार्ड). त्यावर विंडोज ९८ सेकंड एडिशन. मेमरी हौसेने वाढवू नका, ५१२ एमबीच्या वर विंडोज ९८ स्वतःच अडखळतं. खिडकीच्या माथ्यावर टक्के दिसतात. १०० च्या खाली गेले की आवाज फाटतो, तेव्हा आतला प्रोसेसर १६६ वरून १३३ वर आणा.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज ९८ टाकायचा मोह होईल. त्यात थ्रीडी मिळत नाही आणि आतल्या विंडोजला तुमच्या प्रोसेसरचा खरा वेग दिसतो, म्हणजे टिकटिक यांनी सांगितलेल्या वेगाच्या सगळ्या अडचणी परत.

नव्वदोत्तरी

१३३ वर ९८ टक्के येतायत. आवाज अजून अधूनमधून फाटतो.

चौसष्टबिट

लॅपटॉप चार्जरला लावून पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स' करा आणि ८६बॉक्समध्ये डायनॅमिक रिकम्पायलर चालू आहे का बघा. तरीही नाही जमलं तर व्हूडूच्या सेटिंगमध्ये रेंडर थ्रेड १ वरून २ करा. तिथेच फरक पडेल.

नव्वदोत्तरी

रिकम्पायलर बंद होता. आता १०० वर स्थिर, आवाज स्वच्छ.